सांभार, अळू आणि नाडेपकाका

तर गोष्ट आहे एप्रिल २०२० ची. ऑफिस घरात शिरलेलं, कॉल डायनिंग टेबलावर, आणि भाजीवाला कॉलनीच्या गेटबाहेर अडवलेला. त्या दिवसांत अर्ध्या जगाला जे सुचलं तेच मलाही सुचलं. घरीच भाजी पिकवायची! गच्चीवर रंगाचे रिकामे डबे पडले होते, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर माती होती आणि स्वयंपाकघरात धने होते. अजून काय पाहिजे? व्हिडिओत पाहून सगळं केलं आणि बारा दिवस वाट पाहिली. तीन कोंब आले. दोन दिवसांत तेही वाळले.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका गच्चीवर हवा खायला आले. मास्क हनुवटीवर.

"काय करून राह्यला रे?"

"सांभार लावला काका." (नागपूरबाहेरच्या मंडळींसाठी: सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचा तो वेगळा :-) )

काकांनी डब्यात बोट खुपसायचा प्रयत्न केला. गेलं नाही. "एप्रिलात सांभार? नागपुरात? अन् ही माती आहे का वीट? अरे बाप्पा, आधी माती बनव. भाजीचं मग पाहू."

माती बनव? मला वाटायचं माती असते. दगड असतो, पाणी असतं, तशी माती असते. काका मूळचे पुसदकडचे, कृषी खात्यातून रिटायर झालेले. जाता जाता विचारलं, "नाडेपचं नाव ऐकलं का कधी?" नव्हतं ऐकलं.

मग आमच्या धंद्यातला माणूस जे करतो तेच मी केलं. प्रोग्रॅम चालला नाही की आधी जुनं डॉक्युमेंटेशन शोधायचं. पुढचे किती विकांत त्यात गेले ते विचारू नका. शोधता शोधता लक्षात आलं की नवशिक्यांना घरी अन्न पिकवायला शिकवायचे या देशातले फार महत्त्वाचे प्रयोग माझ्या गच्चीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर झालेत. आणि मला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

आधी घरचंच सांगतो. आजीचं घर लक्ष्मीनगरात होतं. नागपूर सुधार प्रन्यासच्या लेआउटमधला प्लॉट, पुढे अंगण आणि मागे परसबाग. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे अळू आणि केळ. कुंपणावर पोपटाचा वेल, मांडवावर दोडकी, मधल्या वाफ्यात भेदरं, वांगी, बरबटी. अगदी मागच्या कोपऱ्यात एक खड्डा. झाडलोट, भाजीची देठं, चुलीची राख, गोठेवाल्याकडून आणलेलं शेण, सगळं त्यात. वर्षातून दोनदा आजी तो खड्डा उकरून घ्यायची आणि त्यातलं काळंभोर काहीतरी झाडांना घालायची.

२००७ मध्ये घर बिल्डरला दिलं. फ्लॅट स्कीम झाली, तळमजल्यावर पार्किंग. मी तेव्हा पुण्यात पहिल्या नोकरीत, पहिल्या रिलीजच्या मागे. आजी त्यानंतर चार वर्षं होती. चार वर्षांत मी तिला बागेबद्दल एक प्रश्न विचारला नाही. सोर्स कोड गेला, बॅकअप नाही. ही चूक कुणा बिल्डरची नाही, माझी आहे, आणि हे सगळं वाचण्यामागे थोडं तेही कारण होतं.

नागपुरात तसं बागांचं काही कमी नाही. महाराजबाग, तुळशीबाग, रेशीमबाग... भोसल्यांच्या काळापासून मोहल्ल्यांच्या नावातच बागा आहेत. महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे, तेही १९०६ पासूनचं. पण राजाची बाग माळी सांभाळतो आणि कॉलेजातून निघतो तो पदवीधर. ज्याच्याकडे एक डबा आणि मूठभर धने आहेत त्याला कोण शिकवतं?

ही गोष्ट सुरू होते इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये हिंदुस्थानात आला, तो इथल्या शेतकऱ्यांना आधुनिक शेती शिकवायला. झालं उलटंच. इथला शेतकरी आणि पिकावरची कीड हेच माझे प्राध्यापक, असं तो पुढे सांगत असे. १९२४ पासून १९३१ पर्यंत तो इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'मध्ये होता. तिथे त्याने आणि त्याचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. मधे तीनदा ढीग उलथायचा, म्हणजे आत हवा जाते. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. जगभरात सेंद्रिय शेतीवाले ज्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात ती हीच. हॉवर्डचं नाव जगाला माहीत आहे. वाडांचं आपल्याला तरी माहीत असावं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खतात जादू काही नाही. सुका पाला म्हणजे मुख्यतः कार्बन, ओला कचरा आणि शेण यांत नायट्रोजन जास्त. साधारण ३०:१ असं प्रमाण जमलं, ओल राहिली आणि हवा मिळाली की जिवाणू कामाला लागतात. हवा मिळाली नाही की सडतं आणि वास मारतं. आजीच्या खड्ड्यात हेच चालायचं. हॉवर्ड आणि वाडांनी त्याला माप आणि वेळापत्रक दिलं, म्हणजे ज्याची आजी जवळ नाही त्यालाही ते करता यावं.

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला गेले आणि ही संस्था पाहून आले. तेव्हा त्यांचा मुक्काम वर्ध्याला मगनवाडीत होता आणि ग्रामोद्योग संघाचं काम नुकतंच सुरू झालं होतं. त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये इंदूर पद्धतीची माहिती छापून आली. दुसऱ्या वर्षी ते शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. त्यांची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जायला लागली म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव 'सेवाग्राम' करावं लागलं, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. तिथे काय शिकवलं जात होतं ते मात्र फारसं माहीत नसतं.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. शिक्षण हाताच्या कामातून द्यायचं, असा ठराव झाला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. त्यात मूलोद्योगांच्या यादीत सूतकताई आणि सुतारकामाबरोबर शेती तर होतीच, पण फळं आणि भाज्यांची बाग हा वेगळा विषय होता. म्हणजे परसबाग हा शाळेचा विषय! तासानंतरचा छंद नाही, 'एसयूपीडब्ल्यू'चा कंटाळवाणा तास नाही. वाफा मोजताना क्षेत्रफळ, बी रुजताना वनस्पतिशास्त्र, भाजी विकताना हिशोब. मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची का, असा खणखणीत आक्षेप परिषदेतच घेतला गेला होता. तो आक्षेप फालतू नव्हता, आजही नाही.

याच सुमारास नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं आणि रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री होते. त्यांनी 'विद्यामंदिर' योजना काढली. गावाने शाळेला जमीन द्यायची आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. शिक्षक तयार करायला १९३८ मध्ये वर्ध्याला प्रशिक्षण शाळा निघाली. पण 'मंदिर' या नावावरून मुस्लिम समाजाचा विरोध झाला, आणि १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर योजनेच्या मागचं बळच गेलं. वरून आलेली योजना वरच्या माणसाबरोबर जाते. पुढे हे पुन्हा येणार आहे.

सेवाग्रामची शाळा मात्र टिकली, कारण तिथे मास्तर मुलांबरोबर वाफ्यात उभा असायचा. डॉ. अभय बंग याच शाळेचे विद्यार्थी. शेत, गोठा आणि स्वयंपाकघर हीच जिची प्रयोगशाळा होती अशा या शाळेबद्दल त्यांनी लिहिलंय, जरूर वाचा. ही शाळाही पुढे बरीच वर्षं बंद होती. २००५ मध्ये 'आनंद निकेतन' नावाने ती पुन्हा सुरू झाली आणि शेतीकाम आजही तिच्या अभ्यासाचाच भाग आहे.

मग महायुद्ध आलं. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेने मेली. इकडे इंग्लंडमध्ये 'डिग फॉर व्हिक्टरी' आणि अमेरिकेत 'व्हिक्टरी गार्डन्स' जोरात होत्या. अमेरिकेत दोनेक कोटी घरगुती बागा झाल्या असं सांगतात. व्हाईट हाऊसच्या हिरवळीवरही भाजी लावली. युद्ध संपलं, दुकानात भाजी मिळायला लागली आणि त्यातल्या बहुतेक बागांवर पुन्हा गवत आलं.

फेब्रुवारी १९४६ मध्ये पुन्हा अन्नटंचाईची चिन्हं दिसायला लागली, तेव्हा गांधीजींनी 'हरिजन'मध्ये काय करावं ते लिहिलं. बाकी मुद्दे होतेच (समारंभ बंद करा, फुलबागांत अन्न पिकवा), पण त्यात नवशिक्यासाठी एक छोटासा धडा आहे. स्वच्छ माती गोळा करा. सेंद्रिय खत मिसळा, नसेल तर थोडं वाळलेलं शेणही चालेल. मातीच्या नाहीतर पत्र्याच्या कुठल्याही भांड्यात ती भरा. मग भाजीचं बी टाका आणि रोज पाणी घाला. संपलं! आमच्याकडे नवी भाषा शिकताना पहिला प्रोग्रॅम असतो 'हॅलो वर्ल्ड'. बागकामाचा 'हॅलो वर्ल्ड' एवढाच आहे. माझ्या रंगाच्या डब्याचा प्रयोग ७४ वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता, आणि मी त्यातली दुसरी पायरीच गाळली होती. खत.

सेवाग्रामपासून दहाएक किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी पवनार. नागपूरहून वर्ध्याला जाताना बसमधून आश्रम दिसतो. विनोबा १९३८ मध्ये तिथे गेले ते तब्येत अगदी खालावली म्हणून. त्यांनी औषध शोधलं कुदळीत. रोज थोडंसं खणायचं आणि हळूहळू वेळ वाढवत न्यायची. तब्येत सुधारली, शिवाय खणता खणता जमिनीतून जुन्या मूर्ती निघाल्या. त्यातलं भरतभेटीचं शिल्प आजही आश्रमात आहे. (वाकाटकांची राजधानी होती ती!)

१९५० मध्ये त्यांनी तिथे 'कांचनमुक्ती'चा प्रयोग सुरू केला. पैशाशिवाय जगायचं, म्हणजे आधी स्वतःचं अन्न स्वतः पिकवायचं. त्यात बैलसुद्धा नाही, फक्त माणसाचे हात आणि कुदळ-फावडं. या शेतीला ते 'ऋषिशेती' म्हणत. शिकून-सवरून आलेली पोरं तिथे वाफे खणायची. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच, फक्त लॅपटॉप नव्हते. मार्च १९५१ मध्ये विनोबा पायी हैदराबादकडे निघाले, एप्रिलात पोचमपल्लीला पहिलं भूदान मिळालं आणि पुढची तेरा वर्षं ते चालतच राहिले. पवनारला १९५९ मध्ये बहिणींचं ब्रह्मविद्या मंदिर झालं. या बहिणींनी शेतातलं अंगमेहनतीचं काम सोडलं नाही.

आता 'अधिक धान्य पिकवा'चं काय झालं ते पाहू. पोस्टर्स निघाली, अनुदानं निघाली, भाषणं झाली. दहा वर्षांनी व्ही. टी. कृष्णमाचारी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. आमच्या भाषेत प्रोजेक्ट संपल्यावरचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट. सार असं की तुकड्या-तुकड्याने धान्य वाढवा म्हणून भागत नाही, गावाच्या सगळ्या जगण्याचा एकत्र विचार लागतो, आणि त्यासाठी शेतकऱ्याच्या जवळ शिकवणारं माणूस लागतं. त्यातून २ ऑक्टोबर १९५३ ला राष्ट्रीय विस्तार सेवा उभी राहिली, ग्रामसेवक आले. थोडक्यात, दहा वर्षं हुकूम देऊन झाल्यावर सरकारला कळलं की हुकमाने पीक येत नाही, शेजारी बसून दाखवावं लागतं. आमचे खालचे काका याच परंपरेतले. माझ्या डब्यात बोट खुपसणारे!

१९६५ मध्ये पुन्हा तेच झालं. युद्ध, दुष्काळ, अमेरिकेचा गहू. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री जेवू नका म्हटलं आणि बंगल्याच्या हिरवळीवर नांगर चालवला. माझे आजोबा सोमवारचं जेवण सोडायचे, असं बाबा सांगतात. लोकांनी मनापासून ऐकलं. पण टंचाई संपली तसा सोमवारही सुटला, आणि परसबाग राहिली ती ज्यांच्याकडे आधीपासून खड्डा होता त्यांचीच.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. नाडेप म्हणजे कंपनी नाही, माणूस आहे. ना. दे. पांढरीपांडे. ना, दे, प... नाडेप! यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते, सगळे त्यांना नाडेपकाका म्हणायचे. त्यांनी पाहिलं की शेतकऱ्याला दोन अडचणी आहेत. शेण कमी पडतं, आणि ढीग पुन्हा पुन्हा उलथायला वेळ नाही. यावर त्यांचं उत्तर इतकं साधं की हसू येईल. विटांचं टाकं बांधा, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतीत भोकं ठेवा. हवा भोकांतून आपोआप जाते, उलथायची गरज नाही.

भरायची पद्धत अशी. काडीकचऱ्याचा सहाएक इंचांचा थर. त्यावर शेणकाला, म्हणजे चारएक किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून. त्यावर चाळलेली कोरडी माती, पन्नास-साठ किलो. असे अकरा-बारा थर. टाकं भरून वर दीड फूट शीग आली की शेणमातीने लिंपून टाकायचं. पंधरा-वीस दिवसांत ते आठ-नऊ इंच खाली बसतं, मग पुन्हा भरून लिंपायचं. तीन ते चार महिन्यांत खत तयार. साधारण शंभर किलो शेणात अडीच-तीन टन खत! शेणखताच्या नेहमीच्या उकिरड्याशी तुलना करून पाहा. १९८०-९० च्या दशकांत हे टाकं देशभर पोचलं. खेड्यांत कुठेतरी भोकांची बुटकी भिंत दिसते ना, जिला आपण अर्धवट राहिलेलं बांधकाम समजतो? ते नाडेपकाका.

इंदूर, वर्धा, पुसद. एकाच कोडची तीन व्हर्जन्स म्हणा ना. प्रत्येक वेळी बदल झाला तो करणाऱ्या माणसाची अडचण पाहून.

याच सुमारास तिकडे पश्चिम महाराष्ट्रात श्रीपाद दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक दुसऱ्या टोकाने तेच करत होते. 'प्रयोग परिवार' नावाने त्यांनी शेतकऱ्यांचं जाळं विणलं. प्रत्येकाने आपल्या रानात प्रयोग करायचा, मोजायचा, जमलेलं आणि फसलेलं दोन्ही इतरांना सांगायचं. तासगाव भागातल्या द्राक्षबागाईतदारांनी यातून काय केलं ते सगळ्यांनी खाल्लं आहे :-) पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात असं त्यांचं गणित होतं, आणि सुरुवात पुन्हा मातीपासूनच. हीच पद्धत २००२ नंतर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर पोचली. तिथल्या प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवरच जिरवून त्यात फळझाडं आणि भाज्या वाढवल्या, आणि पुढे शहरातल्या शेकडो नवशिक्यांना शिकवलं.

गच्चीवर 'माती बनवणं' ही नुसती भावनेची गोष्ट नाही, त्यात वजनाचं गणित आहे. ओली माती एका घनमीटरला दीड टनाच्या वर जाते. म्हणजे एक चौरस मीटरवर फूटभर माती टाकली की पाचशे किलोच्या आसपास. वापरातल्या गच्चीचा स्लॅब डिझाईन करताना वावराचा भार धरतात साधारण दीडशे किलो. आता कळलं सोसायटीचे सेक्रेटरी का ओरडतात ते? पालापाचोळ्याचं खत याच्या निम्म्याहूनही हलकं असतं आणि पाणीही जास्त धरतं. (तरी थर कमी ठेवा, डबे विटांवर ठेवा, खालून पाणी वाहू द्या. आमच्या खालच्या फ्लॅटचं छत एकदा गळलंय. ती मीटिंग मी विसरणार नाही.)

माझं नाडेप टाकं म्हणजे भाजीमंडईतलं भोकांचं प्लास्टिक क्रेट, आतून हिरवी नेट लावलेली. पहिला प्रयोग फसला, कारण नुसता ओला कचरा भरला. चिलटं आणि वास. काका म्हणाले, "एक टोपलं ओलं तर तीन टोपले सुकं." तेव्हापासून होळीच्या सुमारास पानगळ झाली की मी सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींकडून कडुलिंबाच्या पानांची पोती घेतो. आधी ती पानं जाळली जायची.

आता प्रामाणिक हिशोब. मी इंजिनियर, एक्सेल शीट ठेवणारच. २०२३-२४ च्या हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, १२० दिवसांत गच्चीवरून भाजी निघाली ११ किलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा. चार माणसांचे झाले १९२ किलो. म्हणजे माझी गच्ची घराला सहा टक्केसुद्धा खाऊ घालत नाही! 'घरची भाजी खा, बाजार विसरा' म्हणणाऱ्या व्हिडिओवाल्यांना माझा सप्रेम नमस्कार.

पण त्याच शीटमध्ये दुसरा कॉलम आहे. त्याच १२० दिवसांत घरातला ओला कचरा, रोजचा अर्धा किलो धरला तरी ६० किलो, भांडेवाडीच्या डंपिंग यार्डकडे गेला नाही. भाजीच्या पाचपट! तो कॉलम पाहिला आणि सगळं वाचलेलं एका जागी आलं. युद्धात आणि टंचाईत लोकांना सांगितलं गेलं की भाजी पिकवा, आणि भाजी स्वस्त झाल्यावर कारणच संपलं. वर्धा-पुसदच्या लोकांनी शिकवलं की माती बनवा. तिचं कारण संपत नाही, कारण कचरा रोज होतो. भाजी हे त्या कामाचं व्याज समजा. माझ्या आजीला भाजी विकत घेणं परवडत होतं, तरी तिची बाग टिकली ती त्या कोपऱ्यातल्या खड्ड्यामुळे, असं मला आता वाटतं. आणि हा खड्डा मी बारा वर्षं क्रिकेटचा चेंडू काढण्यापलीकडे पाहिला नव्हता.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आजीकडे कामाला यायच्या त्या मावशी बाजारात भेटल्या. आता थकल्यात. बोलता बोलता गच्चीचा विषय निघाला. म्हणाल्या, "तुह्या आजीचा अळू आहे ना माह्याकडे. घर पाडाच्या आधी कांदे काढून नेले होते म्या." मी बघतच राहिलो. पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, मागे हातभर जागा, मोरीच्या पाण्यावर पोसलेला अळूचा गच्च ताटवा, आणि शेजारी एक छोटा खड्डा. मावशींनी कधी 'हरिजन' वाचला नाही आणि नाडेप ऐकलं नाही. आजीच्या हाताखाली पंधरा वर्षं काम केलं तेवढंच. बॅकअप होता की! मीच चुकीच्या जागी शोधत होतो.

त्यांनी चार कांदे कागदात बांधून दिले आणि आधी विचारलं, "माती केली का रे बापू?"

केली होती. :-)

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एप्रिल-मे मध्ये नागपुरात काही पेरू नका. २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ ला गेला होता, तुमच्या सांभाराची काय कथा! मृग लागला की बरबटी, भेंडी, दोडकी. दसऱ्यानंतर मेथी, पालक, सांभार. धने अख्खे टाकू नका, चपलेखाली किंवा लाटण्याखाली रगडून दोन फाका करा. आणि शेजारच्या एकाला तरी हात धरून शिकवा. आमच्या सोसायटीत आता सात घरं आहेत, रविवारी सकाळी आठ वाजता गच्चीवर जमतो. काका खुर्चीत बसून सगळ्यांच्या चुका काढतात.

दसऱ्याला वेळ आहे असं वाटत असेल, तर क्रेट आणि पालापाचोळा आजच जमवा. त्याला तीन महिने लागतातच.